कट्टा गार का लागतो

शेवग्याचं पान करंगळीच्या नखाएवढं असतं. पाण्यावर पडलं की ते आधी स्वतःभोवती एक गिरकी घेतं आणि मगच निघतं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे अगदी स्वच्छ दिसतं. रोज सकाळी सोसायटीची गच्चीवरची टाकी भरून वाहते, ते पाणी अंगणातून फाटकाजवळच्या गटारात उतरतं आणि जाताना आमच्या शेवग्याची पानं घेऊन जातं. गटारातून ते डावीकडे, रस्त्याच्या मोठ्या नाल्याकडे जायला हवं. उतार तिकडे आहे, असं सगळे समजतात. मे महिन्यातल्या त्या सकाळी एक पान डावीकडे वीतभर गेलं, थांबलं, आणि घरी गॅस चालू राहिल्याचं आठवावं तसं मागे फिरून उजवीकडे निघालं. उजवीकडे कट्टा आहे. पान कट्ट्याच्या पायथ्याशी जाऊन चिकटून बसलं. मागून आलेल्या पानानेही तेच केलं, आणि त्याच्या मागच्यानेही.

मी चहा गाळायचा विसरून बघत राहिले. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली, त्यामुळे काही सवयी जात नाहीत. एक पान मागे फिरलं तर ती वाऱ्याची झुळूक असू शकते. सगळी पानं फिरली तर वाऱ्यावर ढकलून चालत नाही.

हे निरीक्षण मी माझ्या यजमानांना, दिनानाथना, सांगितलं. ते सोसायटीचे अध्यक्ष आहेत आणि वर्तमानपत्र वाचताना अधिकच अध्यक्ष असतात.

"कुंदा, पान हलकं असतं," ते म्हणाले. "पाणी जड असतं. पानावरून पाण्याचं काय ठरवतेस?"

मी चहा गाळायला वळले. चहा उकळून काळा झाला होता, तो मात्र दोघांनीही प्यायला.

इथे आमचं घर तळमजल्यावर आहे हे सांगायला हवं. दर पावसाळ्यात फाटकाशी पाणी साचतं, आणि मग ते लांबच्या नातेवाइकासारखं घरात येतं. आधी चपलांपाशी घुटमळतं, मग हॉलमध्ये टेकतं, आणि एकदा टेकलं की जायचं नाव घेत नाही. गेल्या वर्षी ते देवघराच्या खालच्या कप्प्यापर्यंत पोचलं, तेव्हा दिनानाथनी पलंगावर उभं राहून जाहीर केलं होतं, "पुढच्या वर्षी उंबरा ओलांडून पाणी आत आलं, तर हे घर विकायचं आणि उन्मेषकडे राहायला जायचं. बस्स!"

उन्मेष आमचा मुलगा. तो बदलापूरला एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहतो. तिथे पुराचं पाणी येत नाही. नळाचंही फारसं येत नाही, पण त्याचं त्याला काही वाटत नाही. त्या घरात सगळ्या खिडक्यांना कबुतरांची जाळी आहे आणि खाली पाहिलं की माणसं मोहरीएवढी दिसतात. मला तिथे जायचं नव्हतं. मला माझी खिडकी हवी होती, शेवगा हवा होता, आणि पाय खाली सोडला तर जमिनीला लागेल असं घर हवं होतं. पण "तुझं काय मत?" असं विचारलं की मी "बघू" म्हणायचे. 'बघू' हा शब्द मी आमच्या संसारात हिंगासारखा वापरत आले. सगळ्यात असतो आणि कुणाला दिसत नाही.

तर कट्टा. रस्त्याच्या कडेने, आमच्या कुंपणाला लागून, सार्वजनिक निधीतून आणि सोसायटीच्या संमतीने बांधलेला हा ज्येष्ठ नागरिक कट्टा. वर काळाकुळकुळीत ग्रॅनाइट. पाठीच्या भिंतीवर पितळी स्क्रूंनी बसवलेली एक पाटी, आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत 'संकल्पना व मार्गदर्शन : श्री. दिनानाथ चौबळ, अध्यक्ष'. दिनानाथ एका कारखान्यात इतकी वर्षं अधिकारी होते, पण तिथे त्यांचं नाव फक्त हजेरीपटावर होतं. सोनेरी अक्षरांत ते पहिल्यांदा इथे आलं. रोज सकाळी फिरून आले की ते रुमालाने पाटी पुसत. आमच्या लग्नाच्या फोटोची काच मी पुसते.

संध्याकाळी कट्ट्यावर मंडळी जमत आणि विषय ठरलेला असे : फाटकाशी पाणी का साचतं?

धर्मराजकाकांच्या घराण्याचं इथे पूर्वी शेत होतं. "भाताचं खाचर हाय हो ह्ये," ते अभिनंदन केल्यासारखं सांगत. "आमचे टायमाला हितं मांडीभर पान्यात लावनी व्हायची. तुम्ही खाचरात बंगले बांधनार नि पान्याला म्हननार, येऊ नको!"

परमानंदशेठ उल्हासनगर कॅम्प चारमधून इकडे राहायला आले. तिथे त्यांचं लादीचं दुकान आहे आणि कट्ट्याचं ग्रॅनाइट त्यांनीच दिलेलं. "रोड ऊँचा हो गया ना, साईं," ते म्हणत. "दर साल वरती थर, वरती थर. रोड गेला वर, बिल्डिंग राहिली खाली. अभी पाणी बेचारा कुठे जाणार?"

दिनानाथ दोघांचं शांतपणे ऐकून घेत आणि मग दोष धरणाच्या दरवाजांना देत.

चर्चा संपली की कुणीतरी हमखास बुडाखालच्या ग्रॅनाइटवर थाप मारून म्हणे, "पण काही म्हणा चौबळसाहेब, कट्टा गार लागतो हां! भर उन्हाळ्यात!"

दिनानाथ विनयाने मान झुकवत. "दगडाची निवड."

"मालच असा आहे," परमानंदशेठ म्हणत.

कट्ट्यावर एकच खोट होती, ती म्हणजे एक बारीकसा, ओलसर, कुजकट वास. त्याचं खापर आमच्या वरच्या कुमुदिनीताईंवर फुटलेलं होतं. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या, आणि त्यांच्या घरी सुकट असते हे सर्वांना माहीत होतं. मंडळी नाकाला रुमाल लावून त्यांच्या खिडकीकडे पाहत. "अगो, माझी सुकट डब्यात असता!" त्या मला डोळ्यात पाणी आणून सांगत. "घट्ट झाकणाच्या! ह्या मेल्यांका वास येताच कसो?"

मी पालिकेच्या ॲपवर तक्रार केली. काही दिवसांनी उत्तर आलं : 'प्रत्यक्ष पाहणीत पाणी आढळले नाही. तक्रार निकाली.' मे महिना होता. मी पुन्हा लिहिलं, मे महिना आहे. उत्तर आलं की पावसाळ्यात तक्रार करावी. मी विचारलं, पावसाळ्यात काम होईल का? उत्तर आलं की पाणी साचलेलं असताना काम करता येत नाही. तिन्ही उत्तरं तपासली, तर एकही चूक नव्हतं. मी पर्स घेतली आणि कचेरीत गेले.

तिथे गटार विभागात किर्ती नावाची तरुण अभियंता होती. टेबलावर हेल्मेट, त्यात केळी. तिने संगणकावर नकाशा उघडला.

"मॅडम, हे बघा ना. तुमच्या कंपाउंडच्या बाजूने लाइन जाते. आणि हे गोल आहे ना, तो चेंबर. त्याचं झाकण उघडून द्या, आमची गाडी येऊन सक्शन मारेल. एक दिवसाचं काम."

"तिथे झाकण नाही."

"नकाशात आहे."

"नकाशात आहे. जमिनीवर नाही."

तिने माझ्याकडे, मग पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे चेंबर हरवलाय?"

"तसं म्हणता येईल."

"आत्तापर्यंत झाकणं हरवलीत आमची. पूर्ण चेंबर फर्स्ट टाइम," ती म्हणाली आणि केळं सोलू लागली. "नकाशा जुना आहे, थोडं इकडेतिकडे असू शकतं. रस्ता सगळा खोदता येणार नाही. तुम्ही नक्की जागा दाखवा मॅडम, बाकीचं माझ्यावर सोडा."

हरवलेलं पाणी शोधायची एक साधी पद्धत आहे. त्यात रंग टाकायचा आणि तो कुठे निघतो ते पाहायचं. युरेनिन नावाची एक नारिंगी भुकटी असते. पाण्यात पडली की ती अशी हिरवी चमकते की पाहणाऱ्याला आपलेच डोळे बिघडल्याचा संशय यावा. ती निरुपद्रवी असते, डोळ्यांचे डॉक्टरसुद्धा वापरतात. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला शाल आणि नारळाबरोबर याची एक बाटली गमतीने दिली होती. नारळ कधीच संपला होता. बाटली कपाटात होती.

प्रयोगाला दोन माणसं लागतात. एकाने गटारात रंग टाकायचा, दुसऱ्याने नाल्याच्या तोंडाशी उभं राहायचं. मी कुमुदिनीताईंना बरोबर घेतलं. मला निरीक्षण करायचं होतं, म्हणून रंग टाकायचं काम त्यांच्याकडे दिलं. माझ्या एकूण कारकिर्दीतला हा सर्वांत चुकलेला निर्णय.

"चमच्याच्या टोकावर राहील इतकाच," मी बजावलं.

"एवढोच? पोह्यांका हळद याच्या जास्ती लागता."

"इतकाच."

टाकीचं पाणी वाहू लागलं तशी मी कोपऱ्यावरच्या नाल्याशी जाऊन उभी राहिले आणि त्यांना फोन लावला.

"घातलात?"

"घातलंय."

मी वाट पाहिली. नाल्यात काळं पाणी होतं, ते काळंच राहिलं. येणारे-जाणारे लोक माझ्याकडे पाहू लागले. नाल्यात टक लावून पाहणारी बाई दिसली की लोकांना वाटतं तिची बांगडी पडली. दोघांनी काठ्या आणून दिल्या.

"काहीच दिसत नाहीये," मी फोनवर म्हटलं.

"आणखी घालू?"

"नको, नको. थांबा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. "बरां."

"घातलंत की काय?"

"नाय."

"कुमुदिनीताई?"

"घातलंय वायचसां."

"किती?"

"आता बाटली धुवून पालथी घातलंय."

रंग नाल्यात आलाच नाही. मी दोन्ही काठ्या धन्यवादासह परत केल्या आणि घरी आले. सगळा रंग गेला कुठे याचा विचार करत भाजी चिरत होते, तोवर संध्याकाळ झाली आणि मंडळी नेहमीप्रमाणे कट्ट्यावर येऊन बसली. परवा कुठे पाऊस पडेल, कोण निवडून येईल, सगळं झालं. "आज तर कट्टा फारच गार लागतोय," असं धर्मराजकाका म्हटल्याचं मी स्वतः ऐकलं. मग गणपती मंदिरात आरतीची घंटा झाली आणि सगळे एकदम उठून तिकडे निघाले.

खिडकीतून मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. धर्मराजकाकांचा पांढराशुभ्र लेंगा, त्यामागे परमानंदशेठचा क्रीम रंगाचा पायजमा, त्यामागे आमच्या घरचं, मी स्वतः इस्त्री केलेलं धोतर. प्रत्येकाच्या पाठीमागे, बसायच्या जागी, छोट्या टोपाच्या तळाएवढं गोल, झळझळीत, पोपटी हिरवं वर्तुळ. सगळी वर्तुळं संथपणे मंदिराकडे चालली होती. कुणालाही पत्ता नव्हता, कारण प्रत्येकजण पुढच्याचं पाहून हसत होता.

संशोधक म्हणून मला अतिशय आनंद झाला. पत्नी म्हणून मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पुढचे काही दिवस मला सांगायला फारसे आवडत नाहीत. व्हॉट्सॲपवर गॅसगळती झाली. मग ती साथ झाली, आणि साथीवर लिंबाचा रस सांगितला गेला. सोसायटीची सोनू नावाची पांढरी मांजर कट्ट्यावर झोपत असे, ती एका बाजूने हिरवी झाली आणि तिचा फोटो शहाडपर्यंत जाऊन आमच्याच मोलकरणीकडून मला परत आला. 'आधी आणि नंतर' असे दोन फोटो होते. ती मांजर कूस बदलून झोपली होती, एवढंच. परमानंदशेठच्या दुकानात गिऱ्हाइकं विचारू लागली, तुमच्या ग्रॅनाइटचा रंग जातो का? ते लालबुंद होऊन कट्ट्यावर आले. "ग्रॅनाइट रंग नाही सोडत! लिखके देतो! पन्नास साल में कुठला दगड हिरवा झाला, दाखवा मला!" शेवटी प्रदूषण तपासायला म्हणून कुणी एक गृहस्थ आले. त्यांनी आमच्या अंगणात उभं राहून खोल श्वास घेतला आणि मला विचारलं, "मॅडम, घरी जीन्स धुवायचं काम घेता का? त्याचेच रंग गटारात येतात."

रसायनशास्त्रात मी प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले आहे. मी त्यांना पाणी दिलं आणि नाही म्हटलं.

त्या संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले. मी तिथे कधीच जात नसे, त्यामुळे सगळे आपोआप उभे राहिले. हल्ली ते उभे राहिले की आधी मागे हात फिरवून पाहत. मी सगळं सांगितलं. रंग मी आणि कुमुदिनीताईंनी टाकला, तो गटारातून इथे आला आणि इथे दगडांच्या सांध्यांतून वर निघाला. ज्या अर्थी तो खालून वर आला, त्या अर्थी खाली पाणी आहे. नकाशातला चेंबर हरवलेला नाही. तो या कट्ट्याच्या पोटात आहे, आणि गटाराचं पाणी त्याच्यातूनच नाल्याकडे जातं. झाकणावर कट्टा बसल्यामुळे तो कुणी उघडत नाही. उघडत नाही म्हणून गाळाने बुजला आहे, आणि बुजला आहे म्हणून पाणी नाल्याकडे न जाता इथे तुंबून आमच्या घरात येतं.

सगळ्यांची नजर ग्रॅनाइटवर गेली.

"म्हंजे," धर्मराजकाका शेवटी म्हणाले, "पानी का साचतं याची चर्चा आपन... बुचावर बसून करत व्हतो?"

"ठंडा," परमानंदशेठ स्वतःशीच पुटपुटले. "इसलिए ठंडा लगता था." आणि ते दोन पावलं मागे सरकले.

वर खिडकी धाडकन उघडली. कुमुदिनीताई इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहत होत्या. "आणि वास?" त्या गरजल्या. "वास कोणाचो? बोला आता! माझ्या सुकटीचो? बोला ना हो, धर्मराजभाऊ! कोणाचो?"

दिनानाथ मात्र पाटीकडे पाहत होते. मला त्या वेळी उद्घाटनाचं त्यांचं भाषण आठवलं. "पायाचं काम तर आयतंच झालं होतं," ते माइकवरून म्हणाले होते. "खाली पक्कं काँक्रीट होतंच. जणू आपल्यासाठीच कुणी घालून ठेवलेलं!" टाळ्या पडल्या होत्या. ते काँक्रीट म्हणजे झाकण होतं. मी हे बोलले नाही. तशी गरजही नव्हती. त्यांचं भाषण त्यांनाही पाठ होतं.

"जनरल बॉडीत घेऊ," ते म्हणाले आणि घरी गेले.

जनरल बॉडी भरली, पण पुरेसे सभासद आले नाहीत म्हणून तहकूब झाली. तहकूब सभा बसायला जागा हवी म्हणून कट्ट्यावर भरली. सगळ्यांनी खाली वर्तमानपत्रं घेतली होती. कट्टा तोडायचा का, हे विचारायचा धीर कुणी केला नाही. इतर सूचना मात्र पुष्कळ आल्या. परमानंदशेठ म्हणाले, बाजूने छोटासा होल मारू, ग्रॅनाइटला हात नको. धर्मराजकाका म्हणाले, कट्टा राहू द्या, वहिनींचा शेवगा काढला तर तिकडून झकास चर खणता येईल, खाचराला आम्ही तसाच खणायचो. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते लगेच म्हणाले की ही आपली एक सूचना. अध्यक्षांनी सगळ्या सूचना ऐकल्या आणि निर्णय पुढच्या सभेवर ठेवला. पुढच्या सभेने तो त्याच्या पुढच्या सभेवर ठेवला.

किर्तीचा मला फोन येई. "मॅडम, जागा मिळाली ना? मग? माझी गाडी रेडी आहे. फक्त अध्यक्षांचं हो हवं."

"बघू," मी म्हणे.

घरी दिनानाथना एकाएकी बदलापूर आवडू लागलं. तिथली हवा. तिथली शांतता. सतराव्या मजल्यावर म्हणे डास येत नाहीत. एका सकाळी एजंट एका नव्या जोडप्याला घेऊन आमचं घर दाखवायला आला. त्या मुलीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "हे झाड फार जवळ आहे, नाही? काढता येईल."

ते गेल्यावर दिनानाथ म्हणाले, "कुंदा, घरातलं पाणी उपसायचं वय नाही राहिलं आता आपलं. तुझं काय मत?"

मला तेव्हा सगळं नीट कळलं. कट्टा फोडायचा, तर त्या सगळ्या मंडळींसमोर चुकलो म्हणावं लागणार होतं. घर विकायला काहीच म्हणावं लागत नव्हतं. माणूस पाटीसाठी घर सोडायला निघाला होता, आणि मी त्याच्यावर रागावूही शकत नव्हते, कारण रोज सकाळी रुमालाने ती पुसताना मी त्याला पाहिलं होतं.

"बघू," मी म्हटलं.

जुलैत एका सकाळी पाऊस सुरू झाला आणि थांबेना. दुपारपर्यंत फाटकाचा खालचा भाग दिसेनासा झाला, अंगण गेलं, पहिली पायरी गेली. नेहमीप्रमाणे धावपळ उडाली. खालच्या मजल्यावरच्यांना सामान उंचावर ठेवायचं होतं. आणि सगळ्या परिसरात उंच, रुंद, पक्की जागा एकच होती. बघता बघता कट्ट्यावर आमचा सिलिंडर गेला, मिक्सर गेला, पिठाचा डबा गेला, टीव्ही गेला. शेजारच्यांचं शिलाई मशीन गेलं. सोनू मांजर स्वतःहून गेली. सगळ्यावर निळी ताडपत्री घातली आणि राखण करायला छत्री घेऊन दिनानाथ वर बसले. मदतीला आलेले परमानंदशेठ आणि धर्मराजकाका बाजूला उभे राहिले. ज्याच्यामुळे बुडत होतो त्याच्यावरच आम्ही संसार वाचवायला ठेवला होता.

आणि मग पाणी हिरवं झालं. युरेनिन उन्हात विरतं, पण कट्ट्याखाली ऊन कधी गेलंच नव्हतं. कुमुदिनीताईंची अख्खी बाटली तिथे अंधारात तशीच मुरत होती. आता ती वर आली. कट्ट्याभोवती झळझळीत पोपटी तळं पसरलं आणि मधोमध, काळ्या बेटावर, माझे यजमान छत्री धरून बसलेले.

"वाव!" पाण्यातून गमबूट ओढत येणारी किर्ती म्हणाली. मी तिला सकाळीच फोन केला होता. मागे तिची माणसं, काँक्रीट फोडायचं मशीन आणि सक्शनची गाडी. "मॅडम, जागा एकदम क्लिअर मार्क केलीत तुम्ही! चौबळ सर कोण? तुम्ही? सर, हे स्ट्रक्चर सोसायटीच्या संमतीने झालंय, त्यामुळे तोडायलाही संमती लागेल. आज आपत्कालीन आहे, लेखी नंतर द्या, आता तोंडी चालेल. पण स्पष्ट बोला. मी व्हिडिओ काढते." तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल वर धरला.

दिनानाथनी घसा साफ केला. "एकंदर परिस्थिती पाहता... काही पावलं उचलावी लागतील, असं दिसतं."

"सर, पावलं नको. तोडायचं की नाही?"

"तज्ज्ञांचं मत विचारात घेऊन..."

"तज्ज्ञ मीच आहे, सर."

तेवढ्यात उन्मेष आला, कमरेपर्यंत भिजलेला. त्याची गाडी टॉवरच्या तळघरात पाण्याखाली होती, म्हणून तो मिळेल त्या रिक्षाने आणि पुढे चालत आला होता. "बाबा, कशाला हे सगळं?" तो ओरडला. "फोडाफोडी, भांडणं! तो एजंट टोकन द्यायला तयार आहे. घेऊन टाका आणि चला दोघं माझ्याकडे! आई, तू तरी बोल ना काहीतरी!"

मी दारात उभी होते. पाणी शेवटच्या पायरीवर होतं, उंबऱ्याला टेकलेलं. त्याच्यावर एक शेवग्याचं पान आलं, माझ्या पायाशी थांबलं आणि त्याने स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

"मी बदलापूरला येणार नाही," मी म्हटलं.

पावसात ते ऐकू जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण कट्ट्याच्या मंडळींनी, खिडकीतल्या कुमुदिनीताईंनी, मशीन धरलेल्या माणसांनी, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतक्या मोठ्याने बोलते हे मलाही माहीत नव्हतं.

"मला हे घर हवंय. ही खिडकी हवीय, हे झाड हवंय. आणि मला तुम्हीही इथेच हवे आहात, अहो. कबुतरांच्या जाळीमागे नकोत."

दिनानाथ छत्रीखालून माझ्याकडे पाहत होते. मग त्यांची मान हळूच मागे, पाटीकडे वळली. मागे पाटी नव्हती. भिंतीवर फक्त स्क्रूंची भोकं होती.

"ती सकाळीच काढून घेतली मी," मी म्हटलं. "माळ्यावर आहे. चादरीत गुंडाळून, कोरडी. दारावर लावू आपल्या."

"दारावर?" ते म्हणाले. "त्यावर संकल्पना व मार्गदर्शन लिहिलंय."

"असू दे. घरात तेच चाललेलं असतं."

वरून कुमुदिनीताई फिसकन हसल्या. परमानंदशेठनी सिलिंडर उचलला आणि धर्मराजकाकांकडे दिला. काकांनी तो उन्मेषकडे दिला. मग मिक्सर, मग पीठ, मग टीव्ही, हातोहात आमच्या जिन्यावर. शेवटी सोनू. कट्ट्यावर आता एकटे दिनानाथ राहिले. त्यांनी छत्री मिटली. धोतर सावरलं, आणि ते सावकाश हिरव्या पाण्यात उतरले. धोतर खालून वर पोपटी होत गेलं.

"कॅमेऱ्याकडे बघा, सर. नाव सांगून बोला."

"मी, दिनानाथ चौबळ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज उद्घाटनाच्या दिवसासारखा झाला. "सदर कट्टा हा, माझ्याच मार्गदर्शनाखाली, अत्यंत चुकीच्या जागी..."

ढग गडगडले.

"सर, ऐकू येत नाही! एका शब्दात!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या मंडळींकडे, एकेकाकडे. मग छाती भरून श्वास घेतला.

"फोडा!"